बाइक गल्लीत वळली की पोटात गोळा येतो

पत्र थोडक्यात: ३१ वर्षांची ही वाचक एका पतसंस्थेत नोकरी करते. माहेर गडहिंग्लजकडचं, सासर कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, लग्नाला चार वर्षं झालेली. नवऱ्याचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. एकेकाळी तो पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचा, आजही गल्लीत कुणालाही मदतीला धावतो. त्यानं कधी हात उचललेला नाही. पण मनाविरुद्ध काही झालं की बोलणं बंद. मैत्रिणीच्या लग्नाहून यायला उशीर झाला, तर नऊ दिवस. तिनं माफी मागितली की अबोला सुटतो, मग रंकाळ्यावर फिरायला नेतो, गजरा घेतो, आणि तो "लग्नाआधीचा" वाटायला लागतो. तिचा पगार त्याच्या खात्यात जातो. मोबाइलचं लोकेशन कायम त्याला दिसत असतं. स्वतःचंच बोलणं तो नंतर नाकारतो: "मी असं म्हणालोच नाही, तुझ्या डोक्यात काहीतरी चालतं." त्याची बाइक गल्लीत वळल्याचा आवाज आला की तिच्या पोटात गोळा येतो. तिनं इंटरनेटवर एक चाचणी दिली, निकाल आला "अँक्शस अटॅचमेंट", म्हणजे आपलं माणूस सोडून जाईल अशी सतत चिंता करणारा स्वभाव. तो "अव्हॉयडंट", म्हणजे जवळीक टाळणारा, असावा असा तिचा अंदाज. हे तिनं त्याला विश्वासानं सांगितलं. तेव्हापासून भांडणात तो म्हणतो, "तू अँक्शस आहेस, आधी स्वतःवर इलाज कर." आई म्हणते, "मारत तर नाही ना?" सासूबाई म्हणतात, "एक मूल झालं की येईल जाग्यावर." तिचे प्रश्न तीन. मी "सिक्युअर" (नात्यात निर्धास्त) कशी होऊ, म्हणजे त्याला माझा त्रास होणार नाही? दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं का? आणि तुमचं उत्तर त्याला वाचायला देऊ का? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ताई,

तुमच्या पत्रात लहानपणावर पानंच्या पानं आहेत. आई शिक्षिका, बदली लांबच्या गावी, तुम्ही आजीकडे वाढलात, म्हणून स्वभाव "चिकट" झाला, असं निदान तुम्हीच करून टाकलंय. बाइकच्या आवाजाबद्दल मात्र एकच वाक्य आहे, तेही जाता जाता लिहिलेलं. मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच वाटते.

गोळा येतो तो घरात, संध्याकाळी, एकाच माणसाच्या येण्यानं. पतसंस्थेत तुम्ही वसुलीचं काम बघता, थकबाकीदारांचं वाट्टेल ते ऐकून घेता आणि शांत राहता. कॉलेजातल्या मैत्रिणींचा दोन-दोन महिने फोन नसतो, तरी त्यांनी आपल्याला सोडलं असं तुमच्या मनातही येत नाही. सासूबाईंशी बरं जमतं. हे सगळं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे माणसं सोडून जातील म्हणून घाबरायचं, हा जो स्वभाव तुमच्या अंगात मुरलाय असं तुम्ही धरून चालला आहात, तो तुमच्या एवढ्या नात्यांपैकी एकाच नात्यात दिसतो. मग खोट स्वभावात शोधायची, की त्या नात्यात?

या विषयावरच्या मूळ संशोधनातलं मोबाइलवरच्या चाचणीत फार थोडं उरतं, म्हणून जरा मागे जाते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९६९ पासून तीन खंडांत जे मांडलं, त्याचा गाभा असा की धोका वाटला की आपल्या माणसाजवळ जावंसं वाटणं ही उपजत गरज आहे. ती कमजोरी नाही, आणि लहानपणाबरोबर ती संपतही नाही. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं. अनोळखी खोलीत आई काही मिनिटं बाळाला सोडून जायची आणि परत यायची. ती परत आल्यावर बाळ कसं वागतं, यावर त्यांची मुख्य नजर होती. काही बाळं तिला बिलगून लगेच शांत झाली आणि खेळायला लागली. काही बिलगली तरी चिडतच राहिली. काहींनी तिच्याकडे बघायचंच टाळलं. सुरक्षित (सिक्युअर), चिंताग्रस्त (अँक्शस), अंतर राखणारं (अव्हॉयडंट) असे जे प्रकार आज सांगितले जातात, त्यांचं मूळ तिथं आहे. पुढे १९८१ मध्ये मेरी मेन आणि डोना वेस्टन यांनी आई आणि वडील यांच्याबरोबर अशी वेगवेगळी पाहणी केली. एकच बाळ आईजवळ सुरक्षित आणि वडिलांजवळ असुरक्षित असू शकतं, किंवा याच्या उलट, असं त्यात दिसलं. शिक्का बाळावर मारलेला नव्हता, त्या जोडीवर होता. चाचण्या खपवणारे नेमकं हेच सांगायचं विसरतात.

मोठ्यांच्या प्रेमाला ही मांडणी लावली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी, १९८७ मध्ये. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी प्रश्नावली छापली. त्यात तीन छोटे परिच्छेद होते, आपल्याला लागू पडेल तो निवडायचा. उत्तर पाठवणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांनी सुरक्षित, २५ टक्क्यांनी अंतर राखणारा आणि १९ टक्क्यांनी चिंताग्रस्त असा परिच्छेद निवडला. तुम्ही दिलेली चाचणी त्याच प्रश्नावलीच्या नातवंडांपैकी. "जोडीदाराच्या प्रेमाची मला खात्री वाटत नाही" या वाक्यापुढे तुम्ही "हो" म्हणालात, आणि खरं तेच म्हणालात. पण नऊ-नऊ दिवस न बोलणाऱ्या माणसाच्या प्रेमाची खात्री कुणाला वाटेल? चाचणी तुमच्या मनात काय चाललंय तेवढंच विचारते. समोरचा कसा वागतो, हे ती विचारतच नाही.

लहानपणाचा काही परिणाम नसतो, असं मी म्हणत नाही. आजीच्या घरी आईची वाट बघत काढलेल्या शनिवारांमुळे अबोला तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त लागत असेल. पण तो धरायचा की नाही, हे दर वेळी तोच ठरवतो.

आता त्या अबोल्याकडे येते. आपल्याकडे तो हसण्यावारी जातो, रुसवेफुगवे म्हणून. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञानं अख्खी कारकीर्द माणसाला वगळण्याच्या परिणामांवर खर्च केली. त्यांच्या प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात. सुरुवातीला तुमच्याकडे येतो, मग बाकीचे दोघं आपापसातच खेळत राहतात. एवढंच, आणि तेही काही मिनिटं. तरी आपण कुणाचे आहोत ही भावना, स्वतःची किंमत, परिस्थिती आपल्या हातात आहे हा भरवसा, आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव, चारही गोष्टी खाली जातात. २००४ च्या एका अभ्यासात तर समोरचे खेळाडू म्हणजे संगणकच आहे, हे आधी सांगूनही लोकांना ते लागलं. तुमच्या घरात तुम्ही ताट वाढता आणि नवरा तुमच्याकडे न बघता जेवून उठतो. त्यानं पोटात गोळा येत असेल तर तुमची यंत्रणा शाबूत आहे, एवढंच मी म्हणेन.

इथं दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हे सदर तुमच्यासारख्या बायकांइतकंच अबोल माणसांच्या घरातही वाचलं जातं. प्रत्येक गप्प बसणं म्हणजे छळ नसतो. भांडण तापलं की काही माणसांचं डोकं चालेनासं होतं. जोडप्यांवर अनेक वर्षं काम केलेले जॉन गॉटमन सांगतात की वादात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरावर गेले की दुसऱ्याचं ऐकून घेणं फार अवघड होतं, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. असा माणूस उठून गच्चीवर जातो, चहा मारून येतो. एक जण बोलायला मागे लागतो आणि दुसरा मागे सरतो, ही रीत कितीतरी चांगल्या संसारांतही असते. ती त्रासाची आहे, पण तिच्यावर काम करता येतं, कारण मागे सरलेला माणूस डोकं निवलं की स्वतःहून परत येतो. तुमच्याकडे अबोला संपतो कधी? तुम्ही माफी मागता तेव्हा. तुम्ही काही चूक केली असो वा नसो. तोवर तो गल्लीतल्या पोरांशी हसतो, आईशी बोलतो, फोनवर गिऱ्हाइकांशी गोड असतो. ज्याचं डोकं सुन्न झालंय त्याला हे जमत नाही. जमतंय, याचा अर्थ ही शिक्षा आहे, आणि ती कशासाठी हेही तुम्हाला कळून चुकलंय: लग्नाहून उशिरा आलात त्या नऊ दिवसांपासून तुम्ही मैत्रिणींकडचं एकही कार्य केलेलं नाही.

गजऱ्याबद्दल तुम्ही फार अपराधीपणानं लिहिलंय. "एवढं सगळं होऊन मला त्या संध्याकाळी इतकं बरं का वाटतं? मीच वेडी आहे का?" नाही. कॅनडातल्या डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी हाच प्रश्न घेतला होता. छळणाऱ्या माणसाची ओढ का सुटत नाही? त्यांच्या मांडणीत दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एकाच्या हातात दुसऱ्यापेक्षा जास्त सत्ता, आणि वाईट वागण्याच्या अधूनमधून येणारं चांगलं वागणं. १९९३ मध्ये त्यांनी अशा नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांशी बोलून हे तपासलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं. ओढ कमी झाली होती, पण गेलेली नव्हती. रोज वेळेवर येणाऱ्या एसटीची कुणाला काळजी नसते आणि कधीच न येणारीची वाट कुणी बघत नाही. कधी येते, कधी येत नाही, तिच्यासाठी मात्र माणूस स्टँडवर तासन्‌तास उभा राहतो. रंकाळ्यावरची संध्याकाळ खोटी होती असं म्हणायची गरज नाही. तो त्या वेळी खरंच प्रेमानं वागत असेल. पण तुम्हाला त्या संध्याकाळी जे वाटतं त्यात मोठा वाटा सुटकेचा आहे, आणि ज्यातून सुटलात ती कोंडीही त्यानंच केलेली होती.

पगार, लोकेशन, "मी असं म्हणालोच नाही", आणि अबोला. तुम्ही या गोष्टी पत्रात चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या आहेत. मी त्या एका ओळीत आणल्या, कारण त्या एकत्र वाचायच्या असतात. इव्हान स्टार्क या अमेरिकन अभ्यासकानं २००७ मध्ये हेच ठासून मांडलं: मारहाण झाली का, कितीदा झाली हे मोजत बसल्यानं खरा प्रकार निसटतो. पैसा, येणंजाणं, माणसं आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास, यांवर एकानं हळूहळू ताबा मिळवणं हा खरा प्रकार. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं असं नियंत्रण हा गुन्हा ठरला. आपल्याकडचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तर त्याच्या आधीचा. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ, तसंच आर्थिक छळ, हिंसाचार म्हणून स्पष्ट नोंदलेले आहेत. तुमच्या आईंना "मारत तर नाही ना?" यापलीकडचं काही आजकालचं फॅड वाटत असेल, तर त्यांना सांगा की शाहू महाराजांनी १९१९ मध्येच या कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता.

तुम्ही लगेच कोर्टाची पायरी चढावी, असं मी सुचवत नाही. या कायद्याखाली संरक्षणाचे, खर्चाचे, घरात राहण्याचे आदेश मिळू शकतात. घर कुणाच्याही नावावर असलं तरी सासरच्या घरात राहण्याचा तुमचा हक्क कायदा मानतो. हे माहीत असलेलं बरं, इतकंच.

तुमचा पहिला प्रश्न होता, मी सिक्युअर कशी होऊ. हा प्रश्नच थोडा बदलूया. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून, विजेचा हलका झटका बसणार अशी सूचना दिली आणि मेंदू धोक्याला कसा उत्तर देतो ते पाहिलं. एकट्या असताना, अनोळखी माणसाचा हात धरून आणि नवऱ्याचा हात धरून. नवऱ्याच्या हातानं मेंदूची धास्ती सगळ्यात जास्त निवली, आणि संसार जितका समाधानाचा तितकी अधिक. सुरक्षितता ही अशी दोघांत घडते. एकटीनं पुस्तकं वाचून, श्वासाचे व्यायाम करून, ज्याच्या वागण्यानं धास्ती वाटते त्याच्याजवळ बसून "सिक्युअर" व्हायचं, हा उलटा मार्ग आहे. मैत्रिणी, आजी, सासूबाई, ऑफिसातल्या त्या जोशीण बाई (हे नाव मी बदललंय) ज्या डब्यातलं अर्धं तुम्हाला देतात, यांच्याजवळ तुम्ही आजही सुरक्षित आहात. ही नाती आधी परत धरा. ताबा ठेवणारा माणूस सगळ्यात आधी तीच सैल करतो.

त्याच्या वडिलांनी आईशी महिनोन्‌महिने बोलणं टाकलं होतं, हे तुम्ही त्याच्या बाजूनं लिहिलंय. खरं असेल, आणि त्या घरात वाढलेल्या पोराबद्दल मला वाईटही वाटतं. पण कारण कळलं म्हणून सोसण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तो बदलू शकतो का? शकतो. कशावरून ओळखायचं? रंकाळ्यावर दिलेल्या शब्दावरून नाही. तो "मी नऊ दिवस बोललो नाही, ते चुकलं" एवढं वाक्य "पण तू" न जोडता म्हणतो का, पगार तुमच्या खात्यात राहिला तरी घरात शांतता राहते का, आणि तो स्वतःसाठी, एकटा, समुपदेशकाकडे जातो का, हे बघा. तुमचंच दुखणं त्यानं तुमच्यावर "अँक्शस" म्हणून फेकलं, यावरून मला सध्या फारशी आशा वाटत नाही. चुकीची ठरले तर आनंदच आहे.

दुसरा प्रश्न, दोघांनी मिळून जावं का. आत्ता नको. जोडप्याचं समुपदेशन दोघंही न घाबरता बोलू शकतात या गृहीतावर उभं असतं. तुम्ही तिथं खरं बोललात तर त्याची किंमत घरी येऊन मोजाल; नाही बोललात तर समुपदेशकाला दिसेल एक शांत, हसतमुख नवरा आणि रडणारी बायको. आधी एकट्या जा. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढून जाता येतं. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. महिलांसाठी १८१ आहे, आणि कधी जिवाची भीती वाटलीच तर ११२. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत बाइकच्या आवाजाचं सांगा, लहानपणाचं नंतर. आणि "अॅडजस्ट करा" एवढंच सांगणारं कुणी भेटलं तर दुसरं माणूस शोधा.

मधल्या काळात काही गोष्टी गुपचूप करा. घडलेलं तारखेनिशी, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. "मी असं म्हणालोच नाही" ऐकून स्वतःवरचा विश्वास डळमळतो तेव्हा ही वही कामी येते. आधार, पॅन, लग्नाचं प्रमाणपत्र, पगाराच्या पावत्या यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला मी ते कसं उघडायचं हे काय सांगणार! पण पगार वळवणं आणि लोकेशन बंद करणं, ही दोन कामं रागाच्या भरात करू नका. नियंत्रण सुटतंय असं दिसलं की अशी माणसं जास्त बिथरतात. आधी निदान दोन माणसांना सगळं माहीत असू दे, आणि रात्री-अपरात्री कुठं जायचं ते ठरलेलं असू दे. त्यानंतर ती कामं.

आईंशी बोलताना "तो त्रास देतो" असं म्हणू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "नऊ दिवस बोलला नाही. माझा पगार माझ्या हातात नाही. मला घरात भीती वाटते." ही तीन वाक्यं म्हणा आणि गप्प बसा. स्वतःच्या मुलीला आजीकडे ठेवून नोकरी केलेली बाई आहे ती. पगार हातात असण्याचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको.

मुलाचा विषय सासूबाईंनी मायेनं काढला असेल. तरी तो निर्णय आत्ता पुढे ढकला, आणि त्यासाठी गर्भनिरोधाचं जे साधन वापरायचं ते तुमच्या हातातलं असू द्या. मूल झाल्यावर नोकरी सुटते, घराबाहेर पडणं कमी होतं, पैसे मागावे लागतात. ज्या गोष्टींनी तुम्ही आज उभ्या आहात, त्यातल्या बऱ्याचशा नेमक्या तेव्हा हलतात.

हे वाचणाऱ्या काही पुरुषांच्याही पोटात दाराची कडी वाजली की गोळा येत असेल. २००५ चा कायदा त्यांच्यासाठी नाही, पण १४४१६ आहे, आणि वरचं बाकी जवळपास सगळं त्यांनाही लागू आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात सोपा. नाही, हे उत्तर त्याला वाचायला देऊ नका. चाचणीच्या निकालाचं त्यानं काय केलं ते तुम्ही पाहिलंत. फोनवर वाचत असाल तर वाचून झाल्यावर हिस्ट्री पुसा, किंवा ऑफिसातच वाचा. पुढचं पत्र मैत्रिणीच्या मेलवरून पाठवा. मी तिथंच उत्तर देईन, आणि विषयाच्या जागी काही लिहिणार नाही.